पक्ष्यांचे शेत

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या बांधावरून चालताना माझ्या सात वर्षांच्या मुलीने समोरच्या, पाण्याने भरलेल्या शेताकडे बोट दाखवून विचारले, ‘पपा, हे शेत कुणाचं?’ पाण्यात शेकाट्यांचा थवा आपल्या लांबलचक गुलाबी पायांवर उभा होता. मधूनच एखादा मान खाली घालून चिखलातले काहीतरी टिपत होता आणि पलीकडे खारफुटीच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. मी फारसा विचार न करता म्हणालो, ‘पक्ष्यांचं.’ तिला ते उत्तर इतके पटले की तिने पुढे काही विचारलेच नाही. लहान मुलांना द्यायला असे गोड उत्तर सुचले की आपण मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतो, तशी मीही थोपटली असावी. तेवढ्यात माझे लक्ष आईकडे गेले. ती दोन पावले मागे होती. तिने पदर कमरेला खोचला, लगेच सोडला, आणि शेताकडे पाठ करून नदीकडे बघत उभी राहिली.

ते शेत आमचे होते.

‘होते’ म्हणायचे, पण कागदावर ते अजूनही आहे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, कुळाच्या रकान्यात, माझ्या आजोबांचे नाव तसेच आहे. त्यांना जाऊन इतकी वर्षे झाली तरी ते बदलून घ्यायला आमच्यातले कोणी मामलेदार कचेरीत गेलेले नाही. म्हणजे मुलीच्या प्रश्नाला एक सरळ, दोन शब्दांचे उत्तर होते आणि ते मला ठाऊकही होते. तरीही माझ्या तोंडून दुसरेच आले. मी खोटे बोललो असे म्हणवत नाही, कारण त्या शेतात आज खरोखरच पक्ष्यांशिवाय कोणी उतरत नाही. पण खरे बोललो असेही म्हणता येईना. पुढचा आठवडाभर, कचेरीत फायली चाळताना, ते एका शब्दाचे उत्तर मला मधूनमधून टोचत राहिले. (आमच्या घरात बोलणे कोकणीत चालते आणि लिहायला बसले की मराठी येते, गोव्यात अशी घरे पुष्कळ आहेत. म्हणून इथली संभाषणे मी मराठीत आणली आहेत. आई प्रत्यक्षात जे बोलते ते याहून पुष्कळ आखूड आणि धारदार असते.)

हे बांधावरचे चालणे सुरू झाले ते आईच्या गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी सांगितले की रोज चाला, पण सपाटीवर. चढ-उतार आणि पायऱ्या टाळा. सांगायला सोपे आहे. आम्ही राहतो पणजीत, आल्तिनोच्या चढावर, जिथे दूध आणायला जायचे तरी उतरावे लागते आणि परतताना तेवढेच चढावे लागते. समुद्रकिनारा दिसायला सपाट असतो, पण वाळूत पाऊल रुतते आणि दुखऱ्या गुडघ्याला ते चढापेक्षाही वाईट. बागेत गोल गोल फिरायला आई तयार नव्हती. घाण्याच्या बैलासारखे फिरण्यापेक्षा घरात बसेन, असे तिने सांगून टाकले. मग विचार करता करता लक्षात आले की डोंगर-टेकड्यांच्या या प्रदेशात खरी सपाटी असेल तर ती नद्यांच्या काठच्या खाजनांत आहे. मांडवी-जुवारीच्या खाड्यांकडेने बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी खाऱ्या पाण्यातून काढलेली ही जमीन गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर भरते, आणि तिच्यावर चालताना एका गुडघ्याएवढाही चढ लागत नाही.

तेव्हापासून आमचे रविवार ठरून गेले. कधी चोडणला जातो. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट घेतली की पलीकडच्या धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे, आणि खारफुटीच्या सावलीतून जाणाऱ्या तिथल्या वाटेवर लहान मूल आणि म्हातारे माणूस यांना एकाच वेगाने चालता येते. कधी करमळीच्या तळ्याकाठी उभे राहतो, जिथे पाणी गोडे असल्यामुळे पक्षीही वेगळे, पानांवरून चालणारे कमळपक्षी आणि शीळ घालत उठणाऱ्या अडया. पण बहुतेक वेळा दिवाडीच. पणजीहून रायबंदरकडे जाणारा तो सरळ रस्ता, जो १६३३-३४ मध्ये पोर्तुगीजांनी मिठागरांच्या आणि चिखलाच्या मधून बांधून काढला आणि जो खरे तर स्वतःच एक ३ किलोमीटरचा बांध आहे, त्यावरून जुन्या गोव्याला यायचे, व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरायचे आणि फेरीत उभे राहायचे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. बेटावर उतरले की पिएदादच्या टेकडीकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जातो, आणि त्या रस्त्यावरून जागोजागी बांध फुटतात, म्हणजे वाटा फुटतात त्या अर्थाने. दुसऱ्या अर्थाने फुटण्याविषयी पुढे येईलच.

लहान मूल आणि सत्तरीची आई यांना घेऊन असे फिरायचे तर काही गोष्टी शिकाव्या लागतात. पावसाळ्यात बांधावर जाऊ नये. मातीवर शेवाळ धरते आणि दोन्ही बाजूंना पाणी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ऊन वर यायच्या आत परतावे, कारण या उघड्या मुलखात सावली म्हणजे एखादे माडाचे झाड, आणि त्याखाली थांबणे शहाणपणाचे नाही. पण सर्वांत मोठी गोष्ट ही की निघायची वेळ घड्याळावर नव्हे, चंद्रावर ठरते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. त्यामुळे या रविवारी सकाळी सात वाजता पूर्ण ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच सात वाजता जवळजवळ भरती असते. हे गणित मला कित्येक महिने फिरल्यावर कळले. तोवर मुलगी दर खेपेला विचारायची की मागच्या वेळचा चिखल कुठे गेला, आणि मी म्हणायचो की आपण बहुधा दुसऱ्या बांधावर आलो. आईला हे गणित करावेच लागत नाही. ती घरातून निघतानाच कालनिर्णयवरची तिथी बघते आणि म्हणते, ‘आज अष्टमी, भांग आहे, पाणी अंगात नाही,’ किंवा ‘परवा पूनम, उधाण चढायला लागलंय.’

ओहोटीचे रविवार मुलीचे. नदीच्या बाजूला चिखल उघडा पडतो, राखाडी, मऊ, लोण्यासारखा चमकणारा, आणि त्याचा एक कुजकट-खारट वास येतो. पहिल्यांदा नाक मुरडावेसे वाटते, पण दहा मिनिटांनी तो वास जाणवेनासा होतो आणि घरी गेल्यावर चपलांना येतो तेव्हा बरा वाटतो. त्या चिखलावर निवट्या असतात. करंगळीएवढा मासा, डोळे डोक्यावर काढून ठेवलेले, पुढच्या परांवर जोर देऊन चिखलावरून घसटत चालतो आणि मध्येच पाठीवरचा पर उभारून दुसऱ्यावर धावून जातो. मुलगी पोटावर पालथी पडून बांधावरून खाली बघत बसते. ‘हा मासा आहे तर पाण्यात का जात नाही?’ या प्रश्नाने तिने मला दोन रविवार छळले. शेजारीच खेकडे असतात, ज्यांच्या नरांची एक नांगी मोठी आणि एक छोटी असते. हे नर आपली मोठी नांगी वर-खाली हलवतात, आणि शेकडो नांग्या एकदम हलतात तेव्हा तो ओला काठच हात हलवतो आहे असे वाटते. आपण पाऊल आपटले की सगळा काठ एका क्षणात रिकामा. मग श्वास रोखून थांबायचे. दोन मिनिटांनी एक नांगी बाहेर येते. सात वर्षांचे मूल दोन मिनिटे गप्प राहिलेले मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

आईला पक्ष्यांची नावे फारशी येत नाहीत. बगळा, खंड्या, टिटवी, घार, एवढ्यावर तिचे पक्षीज्ञान संपते. बाकी सगळी ‘ती लांब पायांची’. पण पाण्यात नुसते वर्तुळ उमटले की ते काळुंद्र माशाचे की शेवट्याचे हे ती सांगते. पाण्याच्या कडेला एखादी सळसळ झाली की ‘चणक असेल’ म्हणते, आणि तिच्या आवाजात जी ओढ येते ती निसर्गप्रेमाची नव्हे, रविवारच्या हुमणाची, म्हणजे माशाच्या आमटीची असते. मला ती आवडते. आम्ही दुर्बीण घेऊन जाणारे लोक जे बघतो त्याला शेवटी हात लावत नाही. आईच्या बघण्यात हात, सुरी आणि आंबट सोल यांचा हिशेब आधीच झालेला असतो.

भरतीचे रविवार मात्र मला अस्वस्थ करतात. अशाच एका रविवारी मुलीच्या लक्षात आले की नदी वर आहे आणि शेत खाली. तिने बांधावर मध्यभागी उभे राहून एक हात नदीच्या पाण्याच्या पातळीला धरला, दुसरा शेताच्या पातळीला, आणि ती तिरकी झाली. खरेच तिरकी झाली, तराजूसारखी. मी जन्मापासून हे बघत आलो होतो, पण ते असे कधी पाहिले नव्हते. ज्या जमिनीला आम्ही सपाट म्हणून शोधत आलो ती भरतीच्या पाण्याहून खाली आहे, आणि तिला कोरडी ठेवणारी वस्तू म्हणजे आमच्या पायांखालची दोन हात रुंद माती. आत चिखल, गवताचा पेंढा, बाहेरून चिऱ्यांचा थर, आणि नदीच्या अंगाला लाटांचा मार झेलायला राखलेली खारफुटी. इतकेच.

या बांधाला एक दार असते, त्याला इकडे मानस म्हणतात. बांधात चिऱ्यांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये जाड फळ्यांची झडप, वरच्या बाजूला टांगलेली. भरती चढू लागली की नदीचे पाणी बाहेरून झडप ढकलते आणि ती लागते. ओहोटीत बाहेरचे पाणी उतरले की आतले पाणी तिला आतून ढकलते आणि ती उघडते. पावसाळ्यात शेतातले जादा पाणी त्या वाटेने जाते आणि खारे पाणी आत येत नाही. पावसाने मीठ धुऊन नेलेल्या त्या जमिनीत, थोडा खार सोसणारे कोरगुटाचे भात होते, आणि कापणी झाल्यावर फळी वर बांधून खारे पाणी मुद्दाम आत घेतात, म्हणजे उरलेले महिने तिथे सुंगटे, म्हणजे कोळंबी, आणि मासे वाढतात. आत शेत, दारात मासे. मानशीवर जाळे लावण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी होते. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याचे जाळे.

त्या दिवशी मानशीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल, पुढ्यात वाळत घातलेले पिशवीसारखे जाळे. त्यांनी मुलीला जवळ बोलावले आणि झडपेवर तळहात टेकवायला सांगितले. तिने टेकवला, मग मीही टेकवला. लाकूड थंड आणि बुळबुळीत होते, कडेला बारीक कालवे चिकटलेली होती, आणि त्या लाकडात एक सूक्ष्म थरथर होती, पलीकडून कोणी तरी अख्ख्या अंगाने रेटून धरल्यासारखी. फळीच्या एका कोपऱ्यातून पाण्याची दोऱ्याएवढी धार आत येत होती. म्हाताऱ्यांनी खालचा चिखल बोटाने उचलला आणि, खिडकीला लांबी भरावी तसा, त्या फटीत दाबला. धार थांबली. मुलीने विचारले, ‘हे दार लावलं कुणी?’

‘नदीनं.’

‘आणि उघडणार कोण?’

‘आतलं पाणी. दुपारी दीडच्या सुमाराला. धप्प करून आवाज येतो, त्यानं मी जागा होतो.’

ही दोन्ही उत्तरे माझ्या ‘पक्ष्यांचं’इतकीच लहान मुलाला आवडावीत अशी होती, आणि तरी ती पूर्ण खरी होती. मला त्या म्हाताऱ्यांचा हेवा वाटला.

आजोबांचे मला आठवते ते शेतातले नव्हे. शेतात मला फारसे नेत नसत. चवथीला आणि मे महिन्यात आम्ही दिवाडीच्या घरी जायचो तेव्हा एकदा कापणी होऊन गेलेली नसे आणि एकदा पेरणी व्हायची असे. आठवते ती एक चवथीची सकाळ. रात्री उधाणाला बांधाला कुठे तरी पाझर लागल्याची हाक आली होती आणि वाड्यावरचे सगळे पुरुष कंदील घेऊन गेले होते. मला जाऊ दिले नाही. पहाटे आजोबा परतले तेव्हा त्यांच्या केसांच्या मुळांत आणि नखांत राखाडी चिखल होता, कानाच्या पाळीवर वाळून पांढरा झालेला होता. आजीने त्यांच्यासमोर पेज आणि खारातल्या कैरीची फोड ठेवली. त्यांनी एक घास घेतला आणि बसल्या जागी झोपी गेले, बोटे पेजेत बुडालेली. आजीने त्यांना उठवले नाही, हात धुतला नाही. नुसते ताट थोडे पुढे सरकवले, म्हणजे कोपर टेकेल. बाहेर गणपतीवरच्या माटोळीला फळे बांधायचे काम चालू झाले होते. मी त्या बोटांकडे बघत बसलो होतो.

पाझर कशाने लागला होता हे नंतर कळले: कुर्लीचे बीळ. खेकडा बांधात बीळ पाडतो, पाणी त्यातून वाट काढते, वाट रुंद होते, आणि एका उधाणाला तिथे खांड पडते. म्हणून बांधावर रोज कोणी तरी चालायला हवे, आणि नुसते चालून भागत नाही. खाली बघत, पाय आपटत, ओली जागा शोधत चालायला हवे. पूर्वी ही जबाबदारी गावकरीची, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादीची असे. राखणदार असत, बांधाचा खर्च धान्याच्या वाट्यातून जाई, आणि हाक आली की घरटी माणूस निघे. १९६४ चा कूळ कायदा आला, पुढे कुळांना जमिनीचा हक्क मिळाला आणि बांधांची देखभाल कुळांच्या संघांकडे गेली. हा कायदा मला न्याय्यच वाटतो. ज्या माणसाची बोटे पेजेत बुडून झोपली त्याचे नाव उताऱ्यावर लागायलाच हवे होते. पण शेत वाटून देता येते आणि बांध वाटून देता येत नाही. माझ्या तुकड्यासमोरचा बांध मी राखला आणि शेजाऱ्याने त्याचा सोडला, तर पाणी माझ्या मेरेवर येऊन थांबत नाही. आणि तोवर शेजाऱ्यांची, आमची, सगळ्यांचीच मुले पणजीला नोकरीला लागली होती.

आमच्या खाजनाला खांड पडली तेव्हा मी कॉलेजात होतो. भाद्रपदातली अमावास्या, भात पोटरीला आलेले. नदीतून रात्रंदिवस चालणाऱ्या खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी बांधाचा पाया आधीच खाल्ला होता, असे लोक म्हणत, आणि ते खोटे नसावे. पण बार्जी येण्याआधीही नदीला लाटा होत्या आणि तेव्हा बांधावर चालणारे पाय होते. त्या रात्रीही हाक आली होती म्हणतात. आमच्या घरातून कोणी गेले नाही, कारण घरी कोणी नव्हते. बाबा दुसऱ्या दिवशी कचेरीतून रजा काढून गेले, कडेला उभे राहिले, परतले, आणि म्हणाले, ‘पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. खांड बुजवली गेली ती बऱ्याच वर्षांनी, सरकारी खर्चातून, चांगल्या चिऱ्यांनी. तोवर खारफुटीच्या त्या लांब, शेंगेसारख्या, झाडावरच अंकुरलेल्या काड्या नदीतून वाहत आत आल्या होत्या आणि चिखलात उभ्या रुतल्या होत्या. पहिल्या वर्षी त्या हाताने उपटता आल्या असत्या. आता त्यांची दोन पुरुष उंचीची झाडे झाली आहेत आणि खारफुटी तोडायला कायद्याने बंदी आहे. योग्यच आहे, नदीच्या अंगाला ती झाडे नसती तर आहे तो बांधही राहिला नसता. एकच झाड बांधाच्या बाहेर असले तर राखणदार आणि आत आले तर मालक.

आणि तरीही, ते शेत आता जितके सुंदर दिसते तितके ते भाताचे असताना दिसत असेल असे मला वाटत नाही.

हे कबूल करायला जड जाते. सकाळच्या तिरप्या उन्हात ते उथळ पाणी, त्यात उलटे पडलेले बगळे, लांबवर रेल्वेच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज, आणि कुठे माणसाचा वावर नाही. परगावचे लोक भाड्याच्या सायकलींवरून येतात, थांबतात, फोटो काढतात. त्यांना वाटते की हे असेच आहे, आदिम, अस्पर्श. मीही एकदा तसाच फोटो काढून घरच्या ग्रूपवर टाकला होता, खाली ‘आमची दिवाडी’ असे लिहून. आत्याने त्यावर नुसता हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. आमच्या शेताला लागून, मेरेच्या पलीकडे, तीन-चार तुकडे अजून पिकतात. तिथे डिसेंबरात कापलेल्या भाताची खुंटे असतात, गुरे चरतात, आणि पक्षी अगदीच कमी. दुर्बीण आपोआप आमच्या पडीक पाण्याकडे वळते. पक्षी हवेत तर शेत पड ठेवा, असा काही निसर्गाचा नियम नाही हे मला कळते. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, रामसरच्या यादीत गेले, गोव्यातले पहिले, जेमतेम ४२ हेक्टरचे. त्याच्या साठवलेल्या पाण्यावर खालच्या अंगाला भात होते आणि पक्षी वरच्या अंगाला असतात. करमळीचे तळेही शेतीच्याच पाण्यासाठी आहे. पण दिवाडीच्या त्या बांधावर उभे राहिल्यावर हा युक्तिवाद माझ्या कामाला येत नाही, कारण तिथे प्रश्न पक्ष्यांचा नसतो. प्रश्न हा असतो की मी जिथे फिरायला येतो तिथे मला कामाला यायचे होते.

त्या डिसेंबरच्या रविवारी परतताना फेरीत आई बाकावर बसली होती आणि मुलगी कठड्याला टेकून पाण्याच्या फेसाकडे बघत होती. पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेले गरम उंडे आईच्या मांडीवर कागदात होते आणि तिने त्यातला एक मोडून मला दिला. मग इंजिनाच्या आवाजात, दुसरीकडे बघत, म्हणाली, ‘पक्ष्यांचं म्हणालास ते ऐकलं मी.’

मी म्हणालो, ‘मग काय सांगणार होतो?’

‘काही नाही. तुझे बाबा तिच्याएवढे होते तेव्हा याच बांधावर पत्र्याचा डबा घेऊन बसायचे. पक्ष्यांना हाकलायला. भात पिकायला लागलं की पहाटेपासून. सासूबाई सांगायच्या, शाळा बुडवायचा आणि डबा वाजवत बसायचा, पण एकदा झोप लागली तर अर्धी मेर खाऊन गेले.’ ती थोडा वेळ थांबली. ‘आणि तू त्यांना देऊनच टाकलंस.’

ती हसत होती की नाही हे मला कळले नाही. धक्का आला आणि आम्ही उतरलो.

पुढच्या रविवारी भरती होती. मी नवीन बांध शोधू, चोडणला जाऊ, असे सुचवले होते. आईने ऐकले नाही. ती त्या दिवशी आमच्या पुढे चालत होती, काठी न टेकता, खाली बघत. एका जागी थांबून तिने चपलेच्या टाचेने माती दाबून पाहिली, पुढे गेली. आमच्या शेतासमोर आल्यावर तिने पाण्यातून जेमतेम डोके वर काढलेले तीन चिरे मुलीला दाखवले. ती मेर. तिथपासून त्या वाकड्या माडापर्यंत आपले. ‘आपले म्हणजे कुणाचे?’ मुलीने विचारले. ‘तुझ्या पणजोबांचे. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे गुडघाभर चिखलात रोपे लावली आहेत.’ मुलीने आजीच्या गुडघ्यांकडे पाहिले, मग पाण्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर असा भाव आला की एवढे दिवस ही गोष्ट तिच्यापासून का लपवून ठेवली होती. मग तिने माझ्याकडे पाहिले. ‘पपा तर म्हणाले पक्ष्यांचं.’

आईने उत्तर दिले नाही. तिने पिशवीतून उकडलेल्या कणगांचा, म्हणजे कंदांचा, स्टीलचा डबा काढला, कणगे माझ्या हातात ओतली, आणि झाकण आणि डबा मुलीच्या हातांत दिला. ‘वाजव,’ ती म्हणाली. ‘जोरात. हो हो करून ओरड.’ माझे पक्षीनिरीक्षक मित्र हे वाचून मला कायमचे वाळीत टाकतील, आणि त्यांचे चुकणार नाही. थंडीत पक्ष्यांना असे उगीच उठवू नये हे मीच मुलीला शिकवले होते. तिने क्षणभर माझ्या परवानगीसाठी पाहिले. मी हातातल्या गरम कणगांकडे बघत राहिलो.

तिने वाजवले. त्या सपाट मुलखात तो आवाज कुठेही न अडकता गेला. शेकाटे एकदम उठले, सगळे एका वेळी, पाय मागे सोडून, आणि त्यांच्या मागून बगळे. पाणी क्षणभर मोकळे, काळे आणि फार मोठे दिसले, आणि त्यात ते तीन चिरे स्पष्ट उभे राहिले. पलीकडच्या तुकड्यात गुरे राखणाऱ्या मुलाने मान वर करून पाहिले. थव्याने नदीवरून एक फेरा घेतला, पिएदादच्या टेकडीच्या अंगाने वळला, खाली आला, आणि एकेक करत सगळे पुन्हा त्याच पाण्यात उतरले, पंख मिटून, जवळजवळ त्याच जागी.

मुलगी आजीकडे बघू लागली.

‘तेव्हाही असेच परत यायचे,’ आई म्हणाली, आणि डबा घेण्यासाठी तिने हात पुढे केला.